परदेशातील घर, केअरटेकर आणि बुकिंगची यादी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. परदेशात आपले दोन खोल्यांचे घर असून ते आपण दोन संकेतस्थळांवरून, आणि अधूनमधून ओळखीच्या लोकांना थेट, सुट्टीसाठी भाड्याने देता. घर एक जोडपे सांभाळते. साफसफाई आणि चादरी-टॉवेल पत्नी पाहते, तर बाग आणि पोहण्याचा तलाव पती. प्रत्येक बुकिंग आले की आपण त्यांना व्हॉट्सॲपवर कळवता. मागच्या महिन्यात एका कुटुंबाने आपल्या तारखा दोन दिवस अलीकडे घेतल्या, आपण तसे कळवलेही होते, तरीही ते दारात येऊन उभे राहिले तेव्हा आधीच्या पाहुण्यांच्या चादरी तशाच पलंगांवर होत्या. म्हणून आता आपल्याला असे कॅलेंडर हवे आहे की ज्यात सगळी बुकिंग आपोआप उमटतील आणि काहीच कळवावे लागणार नाही.

असे कॅलेंडर मिळते, फुकटही मिळते, आणि आपण केवळ त्यावर विसंबलात तर हाच प्रसंग पुन्हा घडेल. मी गेली बरीच वर्षे मालक एका देशात आणि घर दुसऱ्या देशात अशा घरांची व्यवस्था पाहतो. माझ्या अनुभवात नवे बुकिंग न कळल्यामुळे गोंधळ झाल्याचे प्रसंग फार थोडे आहेत, कारण नवे बुकिंग आले की मालक आनंदात असतो आणि तो ते लगेच कळवतो. गोंधळ होतो तो बदललेल्या तारखांमुळे, रद्द झालेल्या बुकिंगमुळे, एकाने वाढलेल्या किंवा घटलेल्या माणसांमुळे आणि मालकाने स्वतःच्या भावाला 'जा, चार दिवस राहून ये' असे परस्पर सांगून टाकल्यामुळे. आपल्याही बाबतीत निरोप गेला होता. पण जुना निरोप आणि नवा निरोप असे दोन्ही त्या संभाषणात होते आणि त्यांतला कोणता खरा, हे ठरवण्याचे काम चादरी धुणाऱ्या बाईंवर पडले होते. आपला खरा प्रश्न मला असा दिसतो: जी एकच यादी खरी आहे ती कोणती, आणि तिच्यातला बदल समोरच्याने वाचला हे आपल्याला कसे कळणार?

आधी आपोआप उमटणाऱ्या कॅलेंडरबद्दल सांगतो, कारण त्याच्या मर्यादा समजल्याशिवाय पुढचे पटणार नाही. जवळजवळ सर्व भाड्याची संकेतस्थळे आणि गूगल, ॲपल, मायक्रोसॉफ्ट यांची कॅलेंडरे एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात तिला आयकॅलेंडर म्हणतात. ती १९९८ मध्ये प्रमाणित झाली आणि २००९ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. संकेतस्थळ आपल्याला एक लांबलचक दुवा देते. तो दुवा आपण गूगल कॅलेंडरमध्ये टाकला की गूगल ठरावीक काळाने तिथे जाऊन काय लिहिले आहे ते वाचून येते. इथे लक्षात घ्यायची गोष्ट ही की संकेतस्थळ काहीही पाठवत नाही. वाचणारा स्वतः जाऊन पाहतो, आणि कधी जायचे हे त्याचे तोच ठरवतो. अशा दुव्यावरचा बदल दिसायला १२ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, असे गूगल स्वतःच सांगते. तीन महिन्यांनंतरच्या बुकिंगसाठी १२ तास म्हणजे काहीच नाही. पण रात्री कोणी उद्याचे बुकिंग केले, तर तोच उशीर घर अस्वच्छ राहण्यास पुरेसा आहे.

दुसरी अडचण मजकुराची आहे. हे दुवे मुळात 'ही तारीख दुसऱ्या संकेतस्थळावर विकू नका' एवढे सांगण्यासाठी आहेत. केअरटेकरला कामाची माहिती पुरवणे हा त्यांचा उद्देशच नाही. एअरबीएनबीच्या दुव्यातून येणाऱ्या नोंदीवर 'रिझर्व्ह्ड' एवढाच शब्द असतो, आणि बुकिंग डॉट कॉमच्या नोंदीवर 'क्लोज्ड, नॉट अव्हेलेबल' असे असते. किती माणसे येणार, लहान मूल आहे का, किती वाजता पोहोचणार, यांतले काहीही नसते. त्यात आपण एका संकेतस्थळाच्या तारखा दुसऱ्यावर आपोआप बंद होतील अशी जोडणी केली असेल, आणि ती केलेली असावीच, तर कॅलेंडरवर एकाच मुक्कामाच्या दोन रंगीत पट्ट्या दिसू लागतात आणि घरदुरुस्तीसाठी आपण बंद ठेवलेले दिवसही पाहुणे असल्यासारखे भासतात. मालकाला हे उलगडते, कारण मूळ बुकिंग त्याच्या डोक्यात असते. केअरटेकरला उलगडण्याचे काही कारण नाही.

तिसरी अडचण सर्वांत फसवी आहे आणि अनुभवी माणसेही तिच्यात अडकतात. या भाषेत संपूर्ण दिवसाच्या नोंदीची शेवटची तारीख त्या नोंदीत धरली जात नाही. म्हणजे पाहुणे १० जूनला येऊन १४ जूनला सकाळी जाणार असतील, तर कॅलेंडरवर रंगीत पट्टी १० पासून १३ पर्यंतच दिसते, कारण मुक्कामाच्या रात्री तेवढ्याच आहेत. हिशेब अगदी बरोबर आहे, पण तो रात्रींचा आहे. केअरटेकरचे काम असते १४ तारखेच्या सकाळी, आणि तो चौकोन कोरा असतो. एका घरी असेच झाले होते: साफसफाई करणाऱ्या बाई पट्टीच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे एक दिवस आधी, बादली घेऊन पोहोचल्या आणि पाहुणे न्याहारी करत होते. दोन्ही बाजू आपापल्या परीने बरोबर होत्या.

आणि चौथी अडचण, जी आपल्या प्रसंगाच्या जवळची आहे: अशा कॅलेंडरात बुकिंग रद्द झाले की ते नाहीसे होते. तिथे काही होते याची खूणही राहत नाही आणि कोणाला सूचनाही जात नाही. नवी गोष्ट आली की माणसाच्या नजरेत भरते. गेलेली गोष्ट भरत नाही. तारखा बदलल्या तर एक पट्टी जाते आणि दुसरी येते, आणि ज्याने मागच्या आठवड्यात पाहून वहीत टिपून ठेवले आहे त्याला दोन्ही कळत नाहीत.

म्हणून मी आपोआप उमटणारे कॅलेंडर ठेवतो, पण ते स्वतःसाठी: दोन संकेतस्थळांवर एकच तारीख विकली गेली नाही ना, हे पाहण्यासाठी. केअरटेकरसाठी मी वेगळी यादी हाताने लिहितो. आपले एकच घर आहे आणि हंगामात आठवड्याला एखादेच बुकिंग येत असेल, तर या लिहिण्याला महिन्यातून तासभरही लागत नाही. ज्यांच्याकडे पाच-सहा घरे आहेत आणि रोज कुठे ना कुठे पाहुणे बदलतात, त्यांना हे जमणार नाही. त्यांनी चॅनल मॅनेजर म्हणून मिळणारी पैसे देऊन वापरायची प्रणाली घ्यावी, जी संकेतस्थळांशी थेट जोडलेली असते आणि साफसफाईचे काम वेगळे पाठवते. एका घरासाठी तो खर्च मला अनाठायी वाटतो.

ही यादी म्हणजे इंटरनेटवर सामायिक केलेला एक साधा तक्ता असतो. गूगल शीट्स चालते, दुसरे काहीही चालते. महत्त्वाचे हे की त्यातली प्रत्येक ओळ बुकिंगची नसून कामाच्या दिवसाची असावी. मालक मुक्कामाच्या भाषेत विचार करतो, 'अमुक कुटुंब १० ते १४'. केअरटेकर दोन मुक्कामांच्या मधल्या फटीत काम करतो. त्यामुळे माझ्या तक्त्यातली ओळ अशी असते: शनिवार १४ जून, आधीचे सकाळी १० ला निघतात, नवे संध्याकाळी ५ नंतर येतात, मोठे चार आणि लहान एक, मागच्या खोलीतले पलंग वेगळे करणे, पाळणा लावणे. ही ओळ वाचणाऱ्याला काहीही वजा करावे किंवा ताडून पाहावे लागत नाही. मधे किती तास आहेत हेही तीत दिसते, आणि ते पाच तासांपेक्षा कमी असतील तर मी ती ओळ रंगवून ठेवतो.

तारीख लिहिताना वार आणि महिन्याचे नाव अक्षरात लिहावे असा माझा आग्रह आहे. ०५/०६ हे कोणी ५ जून वाचतो, तर अमेरिकेतील रीत माहीत असलेला ६ मे वाचतो. वार लिहिला की चूक आपोआप पकडली जाते, कारण चुकीच्या तारखेला तो वार सहसा येत नाही. आगमनाची वेळ नेहमी घर जिथे आहे तिथल्या घड्याळाप्रमाणे लिहा आणि कॅलेंडरात वेळेची नोंद करण्याऐवजी मजकूर म्हणून लिहा. कॅलेंडरात आपण आपल्या देशातून दुपारी ४ अशी नोंद केली, तर कॅलेंडर ती प्रामाणिकपणे रूपांतरित करून केअरटेकरला वेगळीच वेळ दाखवते. मध्यरात्रीनंतर उतरणारे विमान असेल तर विशेष जपा. '१४ च्या रात्री साडेबारा' असे पाहुण्यांनी कळवले, तर ती १४ तारीख संपल्यानंतरची की सुरू होतानाची, हे त्यांना पुन्हा विचारा. आणि यादीत 'शुक्रवार आणि शनिवार यांमधली रात्र' असे लिहा. हे शब्द गावंढळ वाटतील, पण त्यांचा दोन प्रकारे अर्थ लागत नाही.

तक्त्यातली ओळ कधीही पुसू नका. बुकिंग रद्द झाले तर ओळीवर रेघ मारून पुढे 'रद्द' आणि रद्द केल्याची तारीख लिहा. तारीख बदलली तर जुन्या ओळीवर रेघ आणि नव्या जागी नवी ओळ. शेवटचा स्तंभ केअरटेकरचा असतो. त्यात ते 'पाहिले' असे लिहितात. तो रिकामा असला की मला कळते की निरोप पोहोचलेला नाही. आपल्या त्या प्रसंगात हा रिकामा चौकोन दोन दिवस आधी दिसला असता.

व्हॉट्सॲप बंद करा असे मी म्हणत नाही. त्याचे काम फक्त एवढेच ठेवा की 'यादीत बदल केला आहे, २१ जूनची ओळ पाहा'. तपशील तिथे लिहू नका, कारण तपशील दोन ठिकाणी लिहिला की दोन सत्ये तयार होतात. आणि उत्तर म्हणून अंगठ्याचे चित्र स्वीकारू नका. अंगठा म्हणजे निरोप आला एवढेच. तो समजला असे नाही. वैमानिकाला नियंत्रण कक्षाने उंची किंवा धावपट्टी सांगितली की वैमानिकाने ती पुन्हा उच्चारून दाखवायची असते, आणि ऐकणारा ती चुकली असेल तर दुरुस्त करतो. आमच्याकडेही तसेच आहे: 'शनिवार २१, दोन माणसे' असे त्यांनी स्वतःच्या शब्दांत परत लिहायचे. सुरुवातीला हे अवघडल्यासारखे वाटते आणि समोरच्याला आपण परीक्षा घेतो आहोत असे वाटू शकते. म्हणून कारण एकदा नीट समजावून सांगा. बदल पुढच्या सात दिवसांतला असेल तर मी लिहीत बसत नाही, फोन करतो, आणि फोन झाल्यावर यादी बदलतो.

आठवड्यातून एक ठरलेला दिवस ठेवून त्या दिवशी पुढच्या दोन आठवड्यांचा आढावा पाठवावा. काहीही बदल नसला तरी 'बदल नाही' असे लिहावे. मालक गप्प असेल तर केअरटेकरला त्याचे दोन अर्थ लागू शकतात, काही नाही किंवा सांगायचे राहिले, आणि चांगला केअरटेकर मग उगाच घराकडे एक फेरी मारून येतो.

यादी वाचली जावी यासाठीचा माझा सर्वांत उपयोगी उपाय तंत्रज्ञानाचा नाहीच. केअरटेकरचा महिन्याचा हिशेब याच यादीवरून करा. जेवढ्या ओळी पूर्ण झाल्या तेवढ्या साफसफाईचे पैसे, आणि आयत्या वेळी रद्द झालेल्या ओळीचेही काही ठरलेले पैसे. यामुळे दोन गोष्टी होतात. एक म्हणजे यादीतली चूक आपल्याआधी त्यांच्या लक्षात येते, कारण ती त्यांच्या मिळकतीतली चूक असते. दुसरे, ऐनवेळी रद्द झालेल्या कामाचा तोटा त्यांनी एकट्यांनी सोसावा अशी अपेक्षा उरत नाही. ती अपेक्षा असते तिथे लोक हळूहळू आपल्या घराला शेवटचे प्राधान्य देऊ लागतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

किती माहिती द्यावी, हे परिस्थितीवर अवलंबून आहे. केअरटेकर पाहुण्यांना स्वतः भेटून किल्ली देणार असतील तर एकाचे नाव आणि फोन क्रमांक त्यांना लागेल; कुलूप आकड्यांचे असेल तर नावाचीही गरज नाही. भाड्याची रक्कम तक्त्यात मुळीच नको. घर युरोपीय संघातील देशात असेल तर २५ मे २०१८ पासून लागू असलेला वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा, म्हणजे जीडीपीआर, कामापुरतीच माहिती बाळगा असे सांगतो, आणि कायदा नसला तरी तो शहाणपणाचा नियम आहे. ज्या तक्त्याचा दुवा हाती आलेल्या कोणालाही उघडता येतो, त्यात 'घर अमुक ते अमुक रिकामे' हे लिहिणे म्हणजे चोराला वेळापत्रक देणे. तो ठरावीक खात्यांनाच उघडेल अशी परवानगी ठेवा.

कामापुरतीच माहिती देण्याच्या या नियमाला एक अपवाद आहे. काही देशांत पाहुण्यांची नोंद अधिकाऱ्यांकडे करावी लागते. इटलीत ती आगमनानंतर २४ तासांत पोलिसांच्या 'अलोज्जाती वेब' या प्रणालीवर होते, क्रोएशियात 'ईव्हिजिटर'वर, आणि स्पेनमध्ये २०२१ च्या राजहुकुमानुसार ठरलेली तपशीलवार नोंदणी २ डिसेंबर २०२४ पासून बंधनकारक झाली आहे. हे काम केअरटेकर करत असतील तर त्यांना पासपोर्टचे तपशील लागतील. पण ते यादीत किंवा व्हॉट्सॲपवर पासपोर्टचे फोटो टाकून देऊ नयेत. नोंदणी आपल्याला दुरून करता येत असेल तर आपणच करा, आणि त्यांना फक्त 'माणसे मोजून घ्या, पाचऐवजी सात आली तर कळवा' एवढे सांगा.

आपण विचारले आहे की त्यांना सरळ आपला पासवर्डच द्यावा का. देऊ नये. एअरबीएनबीवर त्यांना को-होस्ट, म्हणजे सहयजमान, म्हणून जोडता येते आणि फक्त कॅलेंडर पाहण्याइतकीच परवानगी देता येते; बुकिंग डॉट कॉमवरही मर्यादित अधिकारांचे वेगळे वापरकर्ते तयार करता येतात. ज्यांना ॲप वापरण्याची सवय आहे अशा केअरटेकरना याचा जोड म्हणून उपयोग होतो. आपले जोडपे वयस्कर असेल, किंवा एकाच फोनवर दोघांचे काम चालत असेल, तर मी त्यांच्यावर ॲप लादणार नाही. माझ्या ओळखीच्या एक बाई गेली कित्येक वर्षे दर सोमवारी तक्ता छापून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवतात, आणि त्यांच्याकडून कधी चूक झालेली नाही. अशा वेळी तक्त्याच्या माथ्यावर 'शेवटचा बदल अमुक दिवशी' असे मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे दारावरचा कागद जुना झाला का हे त्यांना एका नजरेत कळते. स्तंभांची नावे त्यांच्या भाषेत असावीत आणि सूचनांचे शब्द नेहमी तेच असावेत. 'पाळणा' म्हणजे पाळणाच. आज पाळणा, उद्या 'बाळाची सोय' असे झाले की यांत्रिक भाषांतर काय करील याचा भरवसा नाही.

बागेचे आणि तलावाचे काम करणाऱ्याच्या दृष्टीने रिकामे दिवस हीदेखील माहिती आहे, हे बहुतेक मालक विसरतात. पाहुणे असताना गवत कापण्याचे यंत्र चालवता येत नाही, आणि तलावात जास्त क्लोरीन टाकायचे तर तो काही काळ बंद ठेवावा लागतो. घर बराच काळ रिकामे राहिले तर नळांमधले पाणी साचून राहते. लेजिओनेला हा जिवाणू साधारण २० ते ४५ अंश सेल्सियस तापमानाच्या साचलेल्या पाण्यात वाढतो, म्हणून न वापरलेले नळ आणि शॉवर आठवड्यातून एकदा वाहते करावेत असा सर्वसाधारण सल्ला आहे. आठ दिवसांपेक्षा मोठी फट आली की मी यादीत तिचीही ओळ टाकतो: 'रिकामे, नळ सोडणे, तलाव, गवत'.

आता सुरुवात कशी करावी. तक्ता तयार करून दुवा पाठवून देऊ नका. त्या दोघांना एकत्र व्हिडिओ कॉलवर घ्या, तक्ता त्यांच्याच फोनवर उघडायला सांगा, आणि पुढच्या महिन्यात ते कोणकोणत्या दिवशी कामाला येणार ते त्यांना वाचून दाखवू द्या. त्यांनी सांगितलेले दिवस आपल्या मनातल्या दिवसांशी जुळले नाहीत तर ती तक्त्याची चूक समजून तक्ता बदला. त्याच वेळी त्यांना कोणते दिवस मुळीच जमणार नाहीत हेही विचारा. मी हे पहिल्या घरी दोन वर्षे विचारले नव्हते आणि दोन्ही वर्षी घरातले लग्नकार्य नेमके पाहुणे बदलण्याच्या दिवशी आले. ते दिवस कळले की आधी दोन्ही संकेतस्थळांवर स्वतः जाऊन त्या दिवशीचे आगमन आणि निर्गमन बंद करा, बंद झाले याची तिथेच खात्री करा, आणि मग यादीत लिहा.